हांक आणि ओ : युनिक्सच्या सीरियल पोर्टाची कथा

युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली टेलिफोन कंपनीच्या घरीं जन्मली. १९६९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत मरे हिल येथें बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन ह्यांनीं तिचा पाया घातला, लवकरच डेनिस रिची ह्यांचा हात तिला लागला, आणि ही प्रयोगशाळा ज्या कंपनीची होती तिच्या तारांवर त्या वेळीं अमेरिकेंतील बहुतेक टेलिफोन चालत होते. असल्या घरच्या मुलीला टेलिफोन करणें उपजतच येत असेल, असें कोणासही वाटावें. परंतु वस्तुस्थिति निराळी आहे. युनिक्सला उपजत येत होती ती ओ देण्याची कला. हांक मारण्याची कला ती मागाहून, आणि बऱ्याच ठेंचा खाऊन, शिकली. त्या शिक्षणाच्या खुणा तिच्या अंगावर अजून आहेत. आजचा एखादा विद्यार्थी आपल्या संगणकाला लहानसें यंत्र जोडूं लागतो तेव्हां त्यास जे दोन चमत्कारिक शब्द भेटतात, त्यांचा उगम त्या शिक्षणांतच आहे. ते शब्द कोणते हें यथावकाश येईल. प्रथम मुळाकडे वळूं.

सीरियल पोर्ट म्हणजे संगणकाची एक अरुंद बारी. चिंचोळ्या वाटेवर आल्यावर दिंडी एकेरी व्हावी, त्याप्रमाणें अक्षराचे बिट तेथून एकामागून एक असे बाहेर पडतात किंवा आंत येतात. ह्या बारीचा नियम १९६० सालीं अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघानें आरएस-२३२ ह्या नांवानें बांधून दिला. पुढें रूढ झालेला तिचा जोड पंचवीस पिनांचा. त्यांतील दोन पिनांवरून मजकूर जावयाचा व यावयाचा, आणि बाकीच्यांपैकीं कांहीं केवळ खुणांच्या. ह्या खुणांपैकीं दोन आपल्या कथेंत पुनःपुन्हां येणार आहेत, म्हणून त्या येथेंच ओळखून घ्याव्या. विसाव्या पिनेवरून संगणक मोडेमला सांगतो कीं, 'मी जागा आहें'. आणि आठव्या पिनेवरून मोडेम संगणकास सांगतो कीं, 'तारेच्या पलीकडे कोणी तरी आहे.' ह्या दुसऱ्या खुणेस कॅरियरची खूण म्हणतात. कारण पलीकडच्या मोडेमचा कॅरियर नांवाचा अखंड सूर ऐकूं आला म्हणजे ती उठते.

ह्या बारीशीं युनिक्सची ओळख झाली ती टेलिटाइपमुळें. टेलिटाइप म्हणजे तारेवर चालणारें टंकलेखन-यंत्र. तें बनविणारी कंपनीही १९३० पासून त्याच टेलिफोन-घराण्याच्या मालकीची होती. प्रारंभींच्या युनिक्सपुढें माणसें बसत तीं ह्याच यंत्रापाशीं, आणि म्हणून युनिक्समधील सीरियल बारीला 'टीटीवाय' हें टेलिटाइपचें संक्षिप्त नांव मिळालें. नांव तसा स्वभाव. टीटीवायपाशीं माणूस यावयाचा आणि संगणकानें त्याची वाट पाहावयाची, हें त्या रचनेंत गृहीत आहे. गेटी नांवाचा प्रोग्राम बारीशीं बसून राहतो. कोणी आलें कीं 'लॉगिन' असा प्रश्न छापतो. उत्तर मिळालें कीं आलेल्यास पुढच्या प्रोग्रामच्या स्वाधीन करून आपण बाजूस होतो. येणारा मनुष्य दूर असेल तर मध्यें टेलिफोन व दोन मोडेम येतात, एवढाच फरक. घंटा वाजते, मोडेम फोन उचलतो, पलीकडचा सूर ऐकूं येतो, आठव्या पिनेवर खूण उठते; आणि बारी उघडण्याची विनंति करून तोंपर्यंत निजून राहिलेला गेटी जागा होतो. कॅरियर आल्यावांचून बारी उघडावयाची नाहीं, हा नियम प्रणालीच्या गाभ्यांतच बसविलेला होता, आणि दारवानाच्या दृष्टीनें तो अगदीं शहाणपणाचा होता.

हांक मारणारा आणि ओ देणारा हा भेद तारेवरील सुरांतही होता. १९६२ सालच्या बेल १०३ ह्या मोडेमांत, ज्यानें फोन केला त्यानें १०७० व १२७० हर्ट्झ ह्या दोन सुरांत बोलावयाचें, आणि ज्यानें उचलला त्यानें २०२५ व २२२५ हर्ट्झ ह्या दोन सुरांत. एक खालच्या पट्टींत, दुसरा वरच्या. त्यामुळें दोघे एकाच तारेवर एकाच वेळीं बोलत असूनही एकाच्या शब्दांत दुसऱ्याचा शब्द मिसळत नसे. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे सुमारें ३० अक्षरें. १५,००० अक्षरांचा एखादा इंग्रजी लेख धाडावयाचा तर आठ मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि त्या प्रत्येक मिनिटाला पैसे पडत.

मग संगणकानें आपण होऊन फोन करावयाचा तो कसा? मोडेमला बोलतां येत होतें, परंतु नंबर फिरवितां येत नव्हता. त्यासाठीं बेल ८०१ ह्या नांवाचें निराळें यंत्र असे; नंबर फिरविणें एवढेंच त्याचें काम. संगणकाच्या बाजूसही त्याला निराळी बारी लागे. पीडीपी-११ ह्या संगणकांत ती डीएन-११ ह्या नांवानें बसवितां येई. युनिक्समध्यें तिची जी फाईल होती ती मोठी मौजेची आहे. तिच्यांत केवळ लिहितां येई, वाचतां येत नसे. आणि लिहावयाचे ते टेलिफोनचे अंक. मध्यें दुसरा डायल-टोन येईपर्यंत थांबावयाचें असल्यास एक आडवी रेघ लिहावी, म्हणजे यंत्र चार सेकंद थांबे. सगळा नंबर एका दमांत लिहिला पाहिजे, असा दंडक होता. अशा रीतीनें एका टेलिफोनपायीं दोन बाऱ्या झाल्या : एक नंबर फिरविण्याची, दुसरी बोलण्याची. पहिलीस 'सीयूए' आणि दुसरीस 'सीयूएल' अशीं नांवें पडलीं. पहिलें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; त्याचें मूळचें काम संपल्यावरही तें फार दिवस जगलें आहे.

ही सामग्री साध्या संस्थेच्या आंवाक्यांतली नव्हती. टेलिफोनच्या तारेला परकें यंत्र जोडूं देण्यास कंपनीचा मज्जाव होता. १९६८ सालीं कार्टरफोन प्रकरणांत अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें तो मज्जाव उठविला. तरी पुढें कांहीं वर्षें मध्यें कंपनीचेंच एक संरक्षक उपकरण घालावें, ही अट राहिली. ह्या अडवणुकींतूनच टेलिफोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत बसवून त्याच्याशीं आवाजानें बोलणारा मोडेम निघाला. त्याला ऐकतां येई, बोलतां येई. पण चकती फिरवावयास माणसाचेंच बोट लागे. म्हणजे हांक मारण्याची शक्ति ही त्या काळीं पैशाची गोष्ट होती, हें लक्षांत ठेवलें पाहिजे.

ही शक्ति कशासाठीं हवी होती? बेल प्रयोगशाळेंत युनिक्सचीं यंत्रें जसजशीं वाढलीं तसतसें प्रत्येकावर नवीन सुधारणा पोंचविणें हें एक ओझें होऊन बसलें. माईक लेस्क ह्यांनीं १९७६ च्या सुमारास त्यावर उपाय काढला : रात्रीं एका यंत्रानें दुसऱ्यास फोन करावा आणि फाईल नकलून द्यावी. ह्या व्यवस्थेचें नांव यूयूसीपी. 'युनिक्सकडून युनिक्सकडे नक्कल' एवढाच त्याचा अर्थ. ऑगस्ट १९७८ मध्यें नोविट्झ व लेस्क ह्यांनीं तिचें टिपण लिहिलें, आणि १९७९ च्या जानेवारींत बाहेर पडलेल्या सातव्या आवृत्तीबरोबर ती विश्वविद्यालयांच्या हातीं आली.

तिची मांडणी पाहण्यासारखी आहे. एका फाईलींत बाऱ्यांची यादी : बोलण्याची बारी कोणती, नंबर फिरविण्याची कोणती, वेग काय. दुसऱ्या फाईलींत ओळखीच्या यंत्रांची यादी : नांव, फोन करावयाची वेळ, नंबर, आणि शेवटीं एक संवाद. हा संवाद नाटकाच्या वहीसारखा असे. पलीकडून अमुक ऐकूं आलें म्हणजे तमुक बोलावें. कारण पलीकडे यंत्रासाठीं निराळें दार नव्हतेंच. तेथें तोच गेटी बसलेला, तोच 'लॉगिन' हा प्रश्न. फोन करणाऱ्या यंत्राला माणसाचें सोंग घेऊनच आंत शिरावें लागे. 'लॉगिन' हा शब्द वहींत बहुधा पहिल्या अक्षरावांचून लिहीत. पहिलें अक्षर कोठें मोठ्या लिपींत असे, कोठें लहान, कोठें तारेच्या खरखरींत गडप होई. शेपटावरून ओळखणें अधिक भरंवशाचें. पासवर्डाचेंही तेंच. ज्यानें ही युक्ति प्रथम योजिली त्याला व्यवहार चांगला कळत होता.

वेळेचा रकाना हा केवळ सोयीचा नव्हता. अमेरिकेंत दूरच्या फोनचा दर रात्रीं उतरे, म्हणून रात्रीं अकराच्या पुढें फोन करण्याची सोय त्यांत लिहून ठेवीत. आणि येथेंच पैशाचा प्रश्न उघडा पडतो. ज्याच्याजवळ नंबर फिरविणारें यंत्र नाहीं त्या संगणकानें काय करावें? त्यानें आपलीं पत्रें बांधून ठेवावीं आणि कोणी श्रीमंत शेजारी फोन करील त्याची वाट पाहावी. शेजाऱ्यानें फोन केला म्हणजे तेवढ्या वेळांत आपलें द्यावें व त्याचें घ्यावें. १९७९ सालीं नॉर्थ कॅरोलिनांतील ड्यूक विश्वविद्यालयाचे टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस ह्यांनीं, शेजारच्या चॅपेल हिल येथील स्टीव्ह बेलोविन ह्यांना घेऊन, यूजनेट हें वार्तांचें जाळें ह्याच यूयूसीपीवर उभारलें. त्याचें निमंत्रण १९८० सालीं इतर संस्थांस गेलें, तेव्हां ड्यूकचें यंत्र इच्छुकांस स्वतः फोन करील आणि टेलिफोनचा खर्च त्यांनीं भरून द्यावा, अशी योजना ठेवावी लागली. ती नसती तर जाळ्यांत आधींच धनवान होत्या त्याच संस्था राहिल्या असत्या. पुढेंही इलिनॉय प्रांतांतील बेल प्रयोगशाळेच्या आयएचएनपी४ सारख्या यंत्रांनीं परक्यांचीं असंख्य पत्रें पुढें पोंचविलीं, आणि त्यांच्या टेलिफोनचा भार कंपनीच्या अंगावर पडला. जो हांक मारतो तोच वेळ ठरवितो आणि तोच पैसे भरतो. जो केवळ ओ देतो तो दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो. युनिक्सच्या यंत्रांना फोन करावयास शिकविण्याची जी खटपट पुढें दहा वर्षें चालली, तिच्या मुळाशीं ही मर्जी संपविण्याची इच्छा होती, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

ती इच्छा पुरी करणारें यंत्र युनिक्सवाल्यांकडून आलें नाहीं. जॉर्जिया प्रांतांतील डेनिस हेज व डेल हेदरिंग्टन ह्या दोघांनीं घरगुती संगणकांसाठीं १९८१ सालीं स्मार्टमोडेम काढला. ह्या मोडेमला नंबर फिरवितां येई, आणि त्यासाठीं निराळी बारी लागत नसे. 'एटी' ह्या दोन अक्षरांनीं आरंभ करून हुकूम लिहावा, 'डी' लिहून नंबर द्यावा, म्हणजे मोडेम फोन करी. पलीकडचा भेटला कीं त्यापुढचीं अक्षरें हुकूम न समजतां तारेवर सोडून देई. बोलणें मध्येंच थांबवून पुन्हां हुकूम द्यावयाचा असल्यास सेकंदभर गप्प राहून तीन वेळां अधिक-चिन्ह लिहावें व पुन्हां सेकंदभर गप्प राहावें. ह्या दोन बाजूंच्या मौनावर हेज कंपनीनें पुढें पेटंट घेतलें. मौनावर पेटंट घेतल्याचें हें उदाहरण विरळाच म्हणावें लागेल.

बेल ८०१ ची गरज संपली, दोन बाऱ्यांची एक झाली, किंमत उतरली. पण ह्याच स्वस्ताईंतून युनिक्सपुढें एक कूट उभें राहिलें. कॅरियर आल्यावांचून बारी उघडावयाची नाहीं, हा जुना नियम. कॅरियर केव्हां येणार? फोन लागल्यावर. फोन केव्हां लागणार? मोडेमला हुकूम दिल्यावर. हुकूम कोठून द्यावयाचा? बारी उघडून! पोहतां आल्यावांचून पाण्यांत उतरावयाचें नाहीं म्हटलें तर पोहणें शिकावयाचें कोठें, अशांतली ही गत. जुन्या व्यवस्थेंत ही अडचण नव्हती, कारण नंबर फिरविण्याची बारी निराळी होती.

पहिला उपाय असा निघाला कीं, फोन करणाऱ्या प्रोग्रामनें बारी 'न थांबतां' उघडण्याची विशेष परवानगी मागावी, उघडल्याबरोबर पिनांच्या खुणांकडे दुर्लक्ष करण्यास सांगावें, नंबर फिरवावा, आणि पलीकडचा भेटला म्हणजे पुन्हां खुणांकडे लक्ष द्यावयास सांगावें, जेणेंकरून फोन तुटल्यास तें कळावें. हें ठीक होतें. परंतु दारवान जो गेटी त्याचें काय? तो त्याच बारीशीं बसलेला. फोन करणारा आंतून बाहेर निघाला आणि दारवान त्यालाच 'तूं कोण?' म्हणून विचारूं लागला, तर दोघांत अक्षरांची लुटालूट होई. अर्धीं ह्याला मिळत, अर्धीं त्याला. त्याहून हास्यकारक प्रसंग म्हणजे गेटी आणि मोडेम ह्यांचाच संवाद. खुणेची पिन चुकीनें सदैव उठलेली असली म्हणजे गेटीला वाटे कोणी आलें. तो 'लॉगिन' छापी. मोडेमला आलेलें अक्षर परत उमटविण्याची संवय. तो तेंच परत पाठवी. गेटी त्यास पाहुण्याचें नांव समजून पासवर्ड विचारी. तोही परत येई. असे दोघे भले सेवक रात्रभर एकमेकांस तेच प्रश्न करीत आणि यंत्राचा वेळ फुकट खात. ह्यास्तव ओ देणाऱ्या मोडेमला 'प्रतिध्वनि बंद, उत्तरें बंद' असे दोन हुकूम आधींच देऊन ठेवावे लागत.

भांडण मिटविण्यास कुलुपाची रीत आली. जो प्रोग्राम बारी वापरील त्यानें ठरलेल्या जागीं 'एलसीके' आणि बारीचें नांव अशा नांवाची एक फाईल करावी, आणि तिच्यांत आपला क्रमांक लिहावा. दुसरा आला कीं त्यानें ती फाईल पाहावी व परत जावें. मात्र हें कुलूप केवळ सौजन्याचें. दाराला तें लागत नाहीं, दारावर पाटी लावण्यासारखें तें आहे. कुलूप घालणारा प्रोग्राम मध्येंच मेला तर पाटी तशीच राही. म्हणून येणाऱ्यानें पाटीवरील क्रमांकाचा प्रोग्राम जिवंत आहे कीं नाहीं हें पाहून, नसल्यास पाटी काढून टाकावी, असा पोटनियम झाला. आणि कित्येक प्रोग्राम हा क्रमांक साध्या आंकड्यांत लिहीत, कित्येक यंत्राच्या सांकेतिक रूपांत. एकाची पाटी दुसऱ्यास वाचतां येत नसे. १९८३ सालीं हनीमन, नोविट्झ व रेडमन ह्यांनीं यूयूसीपी नव्यानें लिहिली. ह्या घराण्यांत क्रमांक साध्या आंकड्यांत लिहिण्याची रीत बसली, आणि कुलूप मानणारा यूयूगेटी नांवाचा निराळा दारवानही मिळाला.

दुसरा मार्ग सन कंपनीच्या युनिक्सनें धरला, आणि तो अधिक मुळाशीं जाणारा होता. बारी एकच, पण गाभ्यानें तिला दोन नांवें द्यावीं. आंत येणाऱ्यांसाठीं टीटीवाय ह्या घराण्यांतलें नांव. तें उघडूं पाहणाऱ्यानें कॅरियरची वाट पाहावी. बाहेर जाणाऱ्यांसाठीं तेंच जुनें सीयूए. तें उघडूं पाहणाऱ्यास थांबावें लागत नाहीं. गेटी पहिल्या नांवापाशीं निजलेला असतां दुसऱ्या नांवानें कोणी बाहेर गेला, तर तो परत येईपर्यंत गेटीला जागच येत नाहीं, मग मध्यंतरीं कॅरियर कां येईना. आणि आंत कोणी आलेला असतां दुसरें नांव मागितल्यास 'जागा नाहीं' असें उत्तर मिळतें. भांडण पाटीवर न सोंपवितां घरच्या मालकानेंच मिटविलें. ज्या नांवानें एके काळीं बेल ८०१ ओळखला जाई तें नांव आतां एका भूमिकेचें झालें.

१९९१ सालीं जन्मलेल्या लिनक्सनेंही प्रथम हीच दोन नांवांची रीत घेतली. पण तेथें दोन्ही रीतींची भेसळ झाली. कोणी एका नांवानें कुलूप घाली, कोणी दुसऱ्या नांवानें. दार एक, पाट्या दोन, आणि दोघेही आपणच मालक समजत. सीरियल बारीचा भाग सांभाळणारे थिओडोर त्सो ह्यांनीं निर्णय दिला तो सीयूएच्या विरुद्ध. १९९९ सालीं निघालेल्या २.२ ह्या आवृत्तींत तें नांव वापरणारास ताकीद छापून मिळूं लागली, आणि पुढें तें नांव गेलें. लिनक्सचा व्यवहार ह्यानें सुटसुटीत झाला हें खरें. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मतें न्यायाचें पारडें सन कंपनीकडे झुकतें. सर्वांनीं सौजन्य पाळलें तरच जी व्यवस्था चालते, तिच्यांत एक उद्धट प्रोग्राम पुरेसा असतो. फ्रीबीएसडीनें दोन नांवें सोडलीं नाहींत, आणि तेथें आजही तीं सुखानें नांदत आहेत.

असो. कागदावरचा हा वाद ज्याच्या अंगावर प्रत्यक्ष येई तो म्हणजे संस्थेंतील यंत्राचा सांभाळ करणारा मनुष्य. बारीची फाईल करून ती यूयूसीपीच्या नांवें लावणें, गेटीची ओळ बदलणें, मोडेमचे हुकूम ठरविणें, मग 'सीयू' हा लहानसा प्रोग्राम चालवून हातानें एकदां फोन लावून पाहणें, इतकें झाल्यावर संवादाची वही. ह्यांत दोन चुका महागांत पडत. विसाव्या पिनेवरील 'मी जागा आहें' ही खूण पडली म्हणजे फोन ठेवावा, असें मोडेमला सांगावयाचें राहिलें, तर प्रोग्राम संपला तरी दूरचा फोन तसाच चालू राही. मग महिन्याच्या बिलानें ती चूक कळे. दुसरी चूक अधिक घातक होती. मोडेमवरील लहानशा कळीनें आठव्या पिनेची खूण कायमची उठवून ठेवतां येई, आणि ती तशी ठेवली म्हणजे फोन करणें सोपें होई. पण त्यामुळें आंत आलेल्या माणसाचा फोन मध्येंच तुटल्यास संगणकास तें कळत नसे. त्याची बैठक उघडीच राही, आणि पुढचा जो कोणी फोन करी तो पासवर्डावांचून थेट पहिल्याच्या जागीं जाऊन बसे. पलीकडे कोणी नाहीं हें कळणें, कोणी आहे हें कळण्याइतकेंच महत्त्वाचें असतें.

भारतांत जाळें आलें तें ह्याच वाटेनें. १९८६ सालीं सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें संयुक्त राष्ट्रांच्या साह्यानें अर्नेट ही शिक्षणसंस्थांच्या जाळ्याची योजना हातीं घेतली. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईंत जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी ह्या दोन संस्थांमध्यें टेलिफोनवरून पत्रें जाऊं-येऊं लागलीं. अर्नेटनें सुरू केलेली पहिली सेवा यूयूसीपीच्या टपालाचीच होती. पवई ते जुहू हें अंतर कांहीं मोठें नाहीं. पण ज्या मुंबईंत साध्या कुटुंबास टेलिफोनसाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागे, तेथें यंत्रानें यंत्रास फोन करणें ही गोष्ट लहान नव्हती. १९८९ सालीं जुहूच्या संस्थेचा संबंध अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांतल्या यूयूनेटशीं जडला, आणि येथील अध्यापकांचीं पत्रें तेथून जगभर जाऊं लागलीं. यूयूनेट ह्या नांवांतील आरंभींचीं दोन अक्षरें यूयूसीपीचींच आहेत.

सामान्य माणसाची पाळी १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आली. त्या दिवशीं विदेश संचार निगम लिमिटेडनें जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. विद्यार्थ्यांस मिळे तें स्वस्त 'शेल' खातें. म्हणजे घरच्या संगणकावरून फोन करावयाचा आणि निगमच्या युनिक्स यंत्राच्या गेटीला नांव सांगून आंत जावयाचें. चित्रें नाहींत, केवळ अक्षरें. टेलिटाइपपुढें बसलेल्या माणसाची भूमिका पुन्हां एकदां, ह्या वेळीं पुण्या-मुंबईच्या घरांतून! जुन्या एक्स्चेंजला सुरांची भाषा कळत नसे, म्हणून 'डी'पुढें 'टी' न लिहितां 'पी' लिहावें लागे. मग मोडेम चकतीप्रमाणें टकटक करीत नंबर फिरवी. ज्या हौशी लोकांनीं घरीं लिनक्स घातलें त्यांच्या वांट्यास ह्याहून एक जास्त दुःख आलें. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारांत जे स्वस्त मोडेम आले त्यांतल्या कित्येकांत बुद्धीचा भाग मुळीं घातलेलाच नव्हता. तें काम विंडोजच्या प्रोग्रामनें करावें अशी योजना होती. लिनक्समध्यें असला मोडेम जोडला म्हणजे बारी उघडे, हुकूम जाई, आणि उत्तर कधींच येत नसे.

ब्रॉडबँड आलें, मग मोबाईल आला, आणि फोन फिरविणारे मोडेम अडगळींत गेले. पंचवीस पिनांचा जोड आधींच नऊ पिनांचा झाला होता. तोही घरगुती संगणकावरून नाहींसा झाला. सीरियल बारी मात्र यूएसबीच्या पोटांत शिरून राहिली आहे, आणि शाळा-कॉलेजांतलीं मुलें आर्डुइनोसारखी चिमुकली पाटी संगणकास जोडतात तीं तिच्याच आधारें. मॅकवर पाटी जोडली म्हणजे एकाच बारीचीं दोन नांवें पुढें येतात, एक 'टीटीवाय'नें आरंभ होणारें आणि एक 'सीयू'नें. पहिलें उघडावयास जावें तर तें कॅरियरची वाट पाहत अडून बसूं शकतें; म्हणून मुलें दुसरें निवडतात. डेबियन लिनक्सवर पाटी जोडणाऱ्या मुलास बहुधा 'परवानगी नाहीं' असें उत्तर मिळतें, आणि मग कोणी जाणता त्यास सांगतो कीं, तुझें नांव एका गटांत घातलें पाहिजे. त्या गटाचें नांव 'डायलआउट'.